उलटा पीळ

संस्थेच्या दारातच तिचं डोकं फिरलं, आणि त्याला कारण झाला भिंतीवरचा नवा पडदा.

बाहेर भुरभुर पाऊस होता. आत फरशीवर ओल्या चपलांचे ठसे, लिफ्टसमोर रांग, छत्र्या झटकल्याचे आवाज. ती नेहमीसारखी जिन्याकडे वळली आणि पहिल्याच पायरीवर थबकली. पडद्यावर तिचं प्रथिन नाचत होतं. हो, तिचंच! ज्याच्यापायी तिने सुट्ट्या, झोप आणि एक ठरत आलेलं लग्न घालवलं होतं, तेच. निळी-केशरी साखळी मंद संगीतावर रिबिनीसारखी लहरत आली, स्वतःभोवती एक गिरकी घेतली, अलगद गुंडाळली गेली आणि स्थिर झाली. खाली अक्षरं उमटली… ‘जीवनाची घडी’.

“कुठल्या गाढवाने केलंय हे?” ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

शेजारी एक माणूस भिंतीला टेकून सफरचंद खात उभा होता. त्याने तोंडातला घास सावकाश संपवला.

“या गाढवाने,” तो म्हणाला.

दुसरी कुणी असती तर वरमली असती. पण लॅबमध्ये तिला सगळे मागून ‘ठिणगी’ म्हणत ते उगाच नाही.

“पीळ उलटा आहे!”

“काय?”

“पीळ! ही साखळी जिथे मळसूत्रासारखी वळते ना, तिथे ती उजवीकडे वळते. तुमची डावीकडे वळलीय. माझ्यात, तुमच्यात, या रांगेतल्या प्रत्येकात ती उजवीकडे वळते!”

त्याने पडद्याकडे मान तिरकी करून पाहिलं. “हां… ते होय. मी चित्र आरशासारखं उलटवलं. उजेड डावीकडून हवा होता.”

“उजेड डावीकडून हवा होता म्हणून तुम्ही सगळी जीवसृष्टी उलटी केलीत?”

“छान दिसतं पण…”

“छान?”

“कुणाला कळणार आहे, असं वाटलं.”

“मला! मला कळलं ना!”

“मग तुमच्यासाठी सुलटं करतो,” तो म्हणाला आणि हसला. त्या हसण्याने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला भांडणारी माणसं चालत, घाबरणारी चालत. हा असा हसणारा माणूस तिच्या हिशोबात कुठेच बसत नव्हता. पाय आपटत ती जिना चढून गेली. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की, त्याचे डोळे कसे आहेत हे आपल्याला नीट आठवतंय. त्याचाही तिला राग आला.

तो ॲनिमेशन करणारा होता, आणि सगळे त्याला ‘निवांत’ म्हणत. विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, त्याला फिल्मचं काम दिलं होतं. संस्थेचा नवा कॉम्प्युटर हॉल बघायला विश्वस्त मंडळी येणार होती, त्यांना ही फिल्म दाखवायची होती. दुपारी सरांनी दोघांनाही केबिनमध्ये बोलावलं.

“हे बघ बाळ,” सर तिला म्हणाले. गेली सहा वर्षं ते तिला ‘बाळ’ म्हणत होते आणि गेली सहा वर्षं ती दात आवळत होती. “फिल्ममध्ये काही तांत्रिक चूक आहे म्हणतेस ना? मग तूच यांच्यासोबत बसून दुरुस्त कर. एकदम सोपी, सुंदर फिल्म हवी. लोकांना घडी दिसली पाहिजे, बस.”

“सर, माझी कामं…”

“मी सांभाळून घेईन यांना,” निवांत मध्येच म्हणाला.

“मला कुणी सांभाळायची गरज नाही,” ती म्हणाली.

“मग तुम्ही मला सांभाळून घ्या,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो तिच्या खोलीत येऊन बसायला लागला. खोलीला खिडकी नव्हती. दोन मोठे स्क्रीन, एक चाक मोडलेली लंगडी खुर्ची, आणि खालच्या मजल्यावरच्या शेकडो कॉम्प्युटरांच्या पंख्यांची फरशीतून येणारी सततची घरघर. लंगडी खुर्ची तिने मुद्दाम त्याला दिली. तो त्या खुर्चीवर तोल सांभाळत, मांडीवर वही ठेवून रेघोट्या काढत बसे, आणि एकदाही तक्रार करत नसे. हेही तिच्या डोक्यात जाई.

“हा एवढा थरथरतो कशाला?” त्याने पहिल्याच दिवशी विचारलं. स्क्रीनवर साखळी हलत होती — लहरत नव्हती, नुसती तडफडत होती. “थंडी वाजतेय?”

“पाणी. चारी बाजूंनी पाण्याचे कण त्याला धक्के मारतायत. तुमच्या फिल्ममध्ये पाणी कुठाय?”

“पाणी दाखवलं तर बाकीचं काय दिसणार?”

“न का दिसेना! असतं म्हणजे असतं.”

त्याने वहीत काहीतरी खरडलं. “आणि हे सगळं कॉम्प्युटरला कळतं कसं? कुणी बघून आलंय का?”

तिने मोठा श्वास घेतला. हा प्रश्न तिला मामापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी विचारला होता आणि उत्तर सुरू केलं की सगळे घड्याळाकडे बघायला लागत.

“सेकंदाचे अब्ज तुकडे करा. त्यातला एक तुकडा उचला, त्याचे परत दहा लाख करा. तेवढ्याशा क्षणात प्रत्येक अणूला कोण ओढतंय, कोण ढकलतंय, ते कॉम्प्युटर मोजतो. मग सगळ्यांना किंचित सरकवतो. परत मोजतो. परत सरकवतो.”

“किती वेळ?”

“महिना, दोन महिने. तेव्हा कुठे याच्या आयुष्यातला एवढासा तुकडा हाती लागतो. तेवढ्यात तुमची पापणीसुद्धा हलत नाही.”

त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही. तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “म्हणजे तुम्ही माझ्याच धंद्यातल्या.”

“काय?”

“मीपण एक चित्र काढतो. किंचित सरकवतो. परत काढतो.”

“तुम्ही तुम्हाला हवं तिथे सरकवता. मला तसं करता येत नाही. ते जिथे जाईल तिथे मला जावं लागतं.”

“हो… हा फरक मोठा आहे,” तो म्हणाला. इतक्या सरळपणे मान्य केल्यावर पुढे भांडायचं कसं?

हळूहळू तिला सवय झाली. तो आला नाही की खोलीतली घरघर जास्त ऐकू येई. आला की वाद. साखळीला रंग द्यावेत की नाही, यावर वाद. संगीत हवंच कशाला, यावर वाद. एकदा तर तो हनुवटी हातावर टेकवून बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, “बिचारा, वाट शोधतोय.”

“तो काही शोधत नाही!” ती उसळली. “त्याला मन नाही, त्याला कुठे जायचं नाही, आणि त्याला बिचारा म्हणायचं नाही! तू ना…” आणि ती थांबली. जीभ चावली.

“आता ‘तू’ झालं का?” त्याने हळूच विचारलं.

“भांडताना ‘तुम्ही’ परवडत नाही.”

“मग भांडत राहू या,” तो म्हणाला. आणि वहीत डोकं घातलं. त्याचे कान लाल झाले होते. ते तिने पाहिलं, आणि पाहिलंच नाही असं दाखवण्यात तिचा अख्खा तास गेला.

त्याच आठवड्यात तिने त्याला ती गोष्ट दाखवली. इतरांना दाखवणं तिने केव्हाच सोडलं होतं.

“इथे बघ. हे दोन पीळ एकमेकांना टेकतात, बरोबर? आता शेपटी बघ.”

साखळीचं मोकळं टोक दोन पिळांच्या मध्ये घुसलं आणि बाहेर पडण्याआधीच पीळ त्याच्यावर मिटले. शेपटी आत अडकली. साखळी धडपडत राहिली. तिने स्क्रीनवर काळ पुढे ढकलला, साखळी तशीच. आणखी पुढे. मग एकाएकी सगळं सैल पडलं, पीळ उघडले, शेपटी निसटली… आणि पुन्हा पहिल्यापासून, या वेळी नीट, घडी पडली.

“हे एकदाच झालं की नेहमी होतं?” त्याने विचारलं.

“तीनदा चालवून पाहिलं तर दोनदा होतं.”

“आणि कायमची अडकून राहिली तर?”

“तर अशा अडकलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटतात. गुठळी होते. आजार तिथूनच सुरू होतो. म्हणजे मला तसं वाटतं.” तिचा आवाज चढायला लागला. “पण सरांचा सगळा नावलौकिक कशावर आहे, माहितेय? या साखळीची सरळ घडी पडते, यावर! मी हे दाखवलं तर म्हणतात, कॉम्प्युटरला दिलेले ओढाताणीचे आकडे कच्चे आहेत. त्याच आकड्यांवर त्यांची सरळ घडी निघाली होती तेव्हा बरे पक्के होते! कुठल्या तरी प्रयोगशाळेने नळीत खरं प्रोटीन घेऊन हे तपासायला हवं. पण सर विचारू देतील तर ना.”

तो स्क्रीनकडे आणखी सरकला. नुसतं म्हणाला, “परत दाखव.”

आजवर कुणी परत दाखव म्हटलं नव्हतं.

त्याचा स्टुडिओ म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. भिंतीवर कागद टाचलेले, टेबलावर रंगाचे डाग, खालून हातोडीची टकटक. एका शनिवारी दुपारी त्याने तिला तिथे बोलावलं आणि नवी फिल्म लावली.

संगीत नव्हतं. साखळी थरथरत होती, पाण्याचे ठिपके तिच्यावर आदळत होते. शेपटी अडकली. आणि तिथे त्याने चित्र रोखून धरलं होतं, चांगला बराच वेळ. बघणाऱ्याचा जीव गुदमरेल इतका. मग साखळी सैल पडली.

फिल्म संपली तरी ती पडद्याकडेच बघत होती.

“कसं वाटलं?”

“पाणी… जरा कमी आहे.”

तो मोठ्याने हसला. “म्हणजे आवडलं!”

“मी असं कुठे म्हटलं?”

“तू शिव्या दिल्या नाहीस. याला मी बक्षीस समजतो.”

ती चित्राचा एक तुकडा जवळून बघायला टेबलावर वाकली. तिचे केस त्याच्या मनगटावर पडले. तिने ते उचलले नाहीत, त्यानेही हात काढला नाही. खाली कुणीतरी सायकलची घंटी तपासत होतं, वाजवत होतं, परत वाजवत होतं…

सोमवारी सरांनी फिल्म पाहिली. बघता बघता त्यांचा चेहरा आंबट झाला.

“थरथर वगैरे ठीक आहे. पण हे मधलं अडकणं कशाला? ते काढा. सरळ घडी पडू दे.”

“सर, सरळ पडत नाही,” ती म्हणाली.

“बाळ, विश्वस्तांसमोर आपल्याच पद्धतीतला दोष दाखवायचा का?”

“तो दोष आहे हे तुम्ही तपासलंत कधी?”

सरांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते निवांतकडे वळले. “तुम्ही काढा तो भाग.”

“बघतो,” निवांत म्हणाला.

बघतो! तिला वाटलं, कुणीतरी तोंडात मारली. केबिनचं दार बंद होईपर्यंत ती कशीबशी गप्प राहिली आणि व्हरांड्यात येताच फुटली.

“बघतो? काय बघणार आहेस तू?”

“अगं, त्यांच्या तोंडावर नाही कसं…”

“एक शब्द बोलता आला नाही तुला! एक! तुला सगळं माहीत होतं. मी दुसऱ्या कुणाला दाखवत नाही ते तुला दाखवलं. पण तुला काय त्याचं? तू शेवटी सजावटवाला. डावीकडून उजेड पाडला की संपलं तुझं काम!”

आजूबाजूची दारं किलकिली झाली. निवांतच्या चेहऱ्यावरचं नेहमीचं हसू गेलं. ते गेल्यावर तो चेहरा तिला अगदी अनोळखी वाटला.

“झालं बोलून?” त्याने विचारलं. आवाज हळूच होता. “आता ऐक. तू चिडतेस तेव्हा लोक म्हणतात, बाई हुशार आहे, स्वभाव तेवढा तापट. मी चिडलो तर मला परत कुणी काम देत नाही. एवढंच होतं. माझ्या घरी ताई आहे, तिचा मुलगा आहे, आणि कमावणारा मी एकटा. म्हणून मी ‘बघतो’ म्हणतो. इतके दिवस तू माझ्या शेजारी बसलीस. तुझ्या साखळीचा प्रत्येक धक्का मी हाताने काढला. तू मला एकदाही काही विचारलंस? मी कोण, कुठे राहतो, का हसतो? तुला चिडायला कुणीतरी समोर हवं होतं, ते मी होतो.”

आणि तो निघून गेला. जिन्यावर त्याच्या पावलांचा आवाजही झाला नाही. तिला मात्र त्याचे शब्द दिवसभर ऐकू येत राहिले.

ती आत्याकडे राहत असे. आत्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. निवृत्त होऊनही तिच्या आवाजातली शिट्टी गेली नव्हती. आतोबा स्वभावाने गरीब. आत्या तापली की त्यांना नेमकं कमी ऐकू यायला लागे.

त्या संध्याकाळी तिने सगळं सांगितलं — सरांचं, फिल्मचं, व्हरांड्यातलं. सांगताना ती सरांवर चिडली, निवांतवर चिडली, आणि शेवटी कपाळाला हात लावून बसली.

“म्हणजे चूक तुझी आहे,” आत्या म्हणाली.

“अर्धी.”

“पाऊण,” पेपरामागून आतोबा म्हणाले. दोघींनी चमकून पाहिलं तेव्हा ते पुन्हा बहिरे झाले होते.

“राग आपल्या रक्तातच आहे, पोरी,” आत्या म्हणाली. “त्याची लाज नको धरूस. पण जो उलटून ओरडत नाही, त्याच्यावर ओरडणं सोपं असतं. मीही तेच केलं, बरीच वर्षं. हा माणूस एकदा ताटावरून उठला आणि दोन दिवस भावाकडे जाऊन राहिला, तेव्हा कळलं मला.”

“मी उद्या त्याच्याकडे जाते.”

“माफी मागायला की भांडायला?”

“…दोन्ही.”

ती गेली. सायकलच्या दुकानावरचा जिना चढताना तिने वाक्यं जुळवली होती, दार उघडताच ती सगळी विसरली. तो टेबलाशी बसला होता. समोर फिल्म होती, आणि अडकलेल्या शेपटीचा भाग कापून वेगळा काढलेला होता.

“कापलंस?” ती दारातूनच म्हणाली.

“कापलं.” त्याने नजर चुकवली नाही. “काम त्यांचं आहे. ते म्हणाले काढा, मी काढलं. मी तुला खोटं सांगणार नाही.”

तिच्या आतून जाळ उसळला. तिने दाराची कडी घट्ट धरली. हातात काहीतरी धरायला हवंच होतं.

“मी चिडलेय,” ती म्हणाली. “फार चिडलेय. पण काल बोलले ते… ‘सजावटवाला’ म्हणाले ते… ते अत्यंत घाणेरडं बोलले. मला माफ कर. आणि मला सांग, तू का हसतोस?”

“काय?”

“तूच म्हणालास ना, मी विचारलं नाही. विचारतेय.”

तो गोंधळला. मग म्हणाला, “आमचे वडील ओरडायचे. घरभर. आई गेल्यावर तर जास्तच. मी लहानपणी ठरवलं, आपण या घरात हसणारे व्हायचं. म्हणजे ताईला बरं वाटेल. मग ते… चिकटलं.”

ती आत आली आणि समोरच्या स्टुलावर बसली. तिने विचारलं, “आणि मी ओरडते तेव्हा?”

“तू ओरडतेस तेव्हा भीती वाटत नाही. का, ते माहीत नाही.” तो जरासा हसला. मग गंभीर झाला. “पण काल लागलं.”

निघताना तिने कापलेल्या भागाबद्दल पुन्हा काहीच म्हटलं नाही. फक्त सांगितलं, “विश्वस्तांसमोर मी बोलणार आहे. तुला आधी सांगून ठेवते. तू मध्ये पडू नकोस. तुझं काम जाईल.”

विश्वस्त आले त्या दिवशी सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत कोट आणि रेशमी साड्या, बाजूला सर, मागे फिल्म लावायला निवांत. दिवे मालवले. साखळी आली, थरथरली, पाण्याचे धक्के खात सरळ घडीत जाऊन बसली. टाळ्या पडल्या.

दिवे लागताच ती उठून उभी राहिली.

“हे असं होत नाही,” ती म्हणाली. तिला वाटलं होतं आपण ओरडू. पण आवाज अगदी स्थिर निघाला. रागही होताच, पण त्यावर तिची मांड पक्की होती. “मधला भाग काढलाय. या साखळीची बहुतेक वेळा आधी चुकीची घडी पडते. कॉम्प्युटरने ते पुन्हा पुन्हा दाखवलंय. ते खरं आहे की आमच्या आकड्यांचा दोष, हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, कारण कुणी तपासलेलं नाही. पण कापून टाकलं की ते तपासलंही जाणार नाही.”

“बाळ, खाली बस,” सर म्हणाले.

“मी बाळ नाही, सर.”

सभागृहात कुजबूज उठली. पुढच्या रांगेतल्या एका पांढऱ्या केसांच्या विश्वस्त बाईंनी चष्मा काढला. “काढलेला भाग बघायला मिळेल का?”

“तो आता नाहीये,” सर घाईने म्हणाले. “आपण चहाला…”

“आहे.”

सगळ्या माना मागे वळल्या. निवांत उभा होता. चेहरा पांढराफटक, हसू औषधालाही नाही.

“आहे,” तो पुन्हा म्हणाला. “मी जपून ठेवलाय.” आणि सरांच्या हातवाऱ्यांकडे न बघता त्याने तो लावला.

शेपटी अडकली. सभागृह श्वास रोखून बसलं. सरांचा चेहरा सोडून ती कुणाकडेच बघत नव्हती. त्यांच्या कपाळावर आठी होती, पण डोळे पडद्यावरच खिळले होते. शेपटी सुटली तेव्हा विश्वस्त बाईंनी एवढंच म्हटलं, “हे तपासायला कुणाकडे द्यावं लागेल?” आणि चहा थंड होईपर्यंत तीच चर्चा चालली.

पुढे काय काय झालं, ते सांगायचं तर थोडक्यात असं : साखळी दुसऱ्या प्रयोगशाळेकडे तपासायला गेली आणि निकाल यायला बराच अवकाश होता. सर तिच्याशी बोलेनासे झाले, त्यामुळे ‘बाळ’ हा शब्दही बंद झाला. आणि निवांतला संस्थेची पुढची दोन कामं मिळणार होती, ती गेली.

हे शेवटचं त्याला त्याच दिवशी, सभागृहाबाहेरच सांगण्यात आलं. ती धावत बाहेर आली तेव्हा तो रस्त्याच्या कडेला उभा होता. पाऊस थांबला होता, झाडांवरून थेंब ठिबकत होते.

“तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?” तिने जवळ येत विचारलं.

“तू!”

“मी? मी स्पष्ट सांगितलं होतं, पडू नकोस!”

“त्याचाच तर राग आला मला!” तो एकदम ओरडला. रस्त्यावरची दोन-तीन माणसं थांबली. त्याने आयुष्यात असा आवाज काढला नव्हता. तो त्यालाच नवा होता, मधेच चिरकत होता. “तू एकटी जाणार, एकटी बोलणार, आणि मी मागे उभा राहून बटण दाबणार? माझं काम गेलं! ताईला काय सांगू मी? मला भीती वाटतेय, आणि मी चिडलोय, तुझ्यावर, त्या माणसावर, स्वतःवर, ते कापलं म्हणून! आणि इतका चिडलेला असताना मला दुसरं काही सुचत नाहीये. फक्त हेच की… तू आवडतेस मला. कधीची. यात ओरडण्यासारखं काय आहे, मलाच कळत नाहीये!”

तो थांबला. धापा टाकत होता. तिच्या ओठांवर उत्तर आलं होतं, चांगलं झणझणीत. ते तिने गिळलं. पुढे होऊन त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

“मलाही,” ती म्हणाली. “आणि थांबलास का? ओरड अजून. ऐकतेय मी.”

मग तो ओरडला, हळू झाला, अडखळला, सरांपासून ताईपर्यंत सगळं सांगत राहिला… आणि ठिणगी रस्त्याच्या कडेला उभी राहून, मध्ये एकदाही न तोडता, शेवटपर्यंत ऐकत राहिली.